“माझ्यात काय रं सांगण्यासारखं?” म्हणणाऱ्या आजीच्या आठवणी कशा लिहाव्यात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे की नाही ते तुम्हाला कळेल. आजी ८१ वर्षांची, कराडजवळच्या गावात तुमच्या थोरल्या काकांकडे राहते. आजोबा मुंबईला गिरणीत होते, ते आता नाहीत. तुम्ही बंगळूरला नोकरीला. आजीच्या आवडीनिवडी, तिच्या जुन्या आठवणी आणि ती ज्या तत्त्वांवर जगली ती लिहून घरच्यांपुरतं एक छोटं पुस्तक करावं, असं तुमच्या मनात आहे. त्यासाठी तुम्ही कुठूनशी पन्नास प्रश्नांची यादी मिळवली, मराठीत केली आणि फोनवर विचारायला लागलात. आवडता पदार्थ? “सगळंच आवडतं.” आवडता सण? “सगळेच की.” आयुष्यानं काय शिकवलं? “कुणाचं वाईट करू नये.” थोड्याच वेळात “माझ्यात काय रं सांगण्यासारखं?” म्हणत तिनं फोन काकूंच्या हातात दिला. आता दिवाळीला चार दिवस गावी जाताय आणि त्या चार दिवसांत काय विचारावं, कसं विचारावं, हे तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं शब्दांकनाचं काम करते. बोलणाऱ्याचं बोलणं ऐकायचं, उतरवून घ्यायचं आणि त्याचं वाचण्यासारखं लिखाण करायचं. सुरुवात मासिकांसाठी झाली, पुढे घरच्या लोकांसाठी छापल्या जाणाऱ्या आठवणींचं कामच जास्त येऊ लागलं. त्यात बहुतेक वेळा समोर तुमच्या आजीच्या वयाची बाई असते, आणि ती पहिल्या भेटीत तुमच्या आजीसारखंच बोलते. त्यामुळे तिचं उत्तर ऐकून मला जराही काळजी वाटली नाही.

अडचण आजीच्या स्मरणात नाही, तिच्या इच्छेतही नाही. यादीतले प्रश्न तिच्याकडून निवड मागतात किंवा निष्कर्ष मागतात. आवडतं कोणतं, तर अनेकांतून एक निवड. काय शिकलीस, तर साऱ्या आयुष्याचं सार काढ. ज्या बाईला ताटात काय वाढून घ्यायचं हे आयुष्यात फारसं कुणी विचारलं नाही, तिला निवड करायची सवय नाही. आणि सार काढून मोठ्यांदा बोलणं हे तिच्या लेखी कीर्तनकाराचं काम. “कुणाचं वाईट करू नये” हे तिनं खोटं सांगितलेलं नाही. पण ते सगळ्यांचं आहे, तिचं एकटीचं नाही. तुम्हाला तिचं एकटीचं हवंय.

दुसरी गोष्ट, आवडी, आठवणी आणि तत्त्वं अशी तीन प्रकरणं तुम्ही डोक्यात आधीच पाडून ठेवली आहेत. ती मोडा. माझ्या अनुभवात ही तीन वेगळी कधी मिळत नाहीत. आवडीच्या एखाद्या बारक्या वस्तूपासून बोलणं सुरू होतं, त्या वस्तूच्या मागे माणूस येतो, माणसाच्या मागे प्रसंग येतो आणि त्या प्रसंगात ती जे वागली त्यातून तिचं तत्त्व दिसतं. थेट तत्त्व विचाराल, तर सुविचार मिळेल.

एक उदाहरण सांगते, म्हणजे हे नुसतं बोलणं वाटणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका आजींच्या आठवणी मी लिहून घेत होते. मुलानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, “आईचं तत्त्व म्हणजे प्रामाणिकपणा, ते नक्की घ्या.” आजींना मी प्रामाणिकपणाबद्दल काहीच विचारलं नाही. माळ्यावर पितळेचं एक जुनं मापटं दिसलं, ते खाली काढायला लावलं आणि विचारलं, “ह्यानं काय मोजायचा?” तुमच्या पिढीसाठी सांगते, मापटं म्हणजे अर्धा शेर आणि चार शेरांची पायली. किलो आल्यावरही खेड्यांत कितीतरी वर्षं धान्य मापानंच दिलं-घेतलं गेलं. आजी म्हणाल्या, शेजारणीला जोंधळं उसनं द्यायला. मग स्वतःहूनच हाताची ओंजळ करून दाखवत म्हणाल्या, “देताना शीग लावायची, घेताना काठोकाठ.” शीग म्हणजे मापावर उभा राहतो तो धान्याचा निमुळता ढीग. म्हणजे देताना माप भरून वर आणखी द्यायचं आणि परत घेताना फक्त काठापर्यंत घ्यायचं. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? तेव्हा बाहत्तरचा दुष्काळ निघाला. घरात दाणा नव्हता, धाकटं मूल तापानं फणफणलेलं, आणि जिच्याशी बांधावरून भांडण होतं त्याच भावकीतल्या बाईनं ह्यांच्या पदरात शीग लावून माप ओतलं होतं. पुढच्या सुगीला ह्या परत द्यायला गेल्या, तर तिनं वरची शीग हातानं सारून ह्यांच्याच पाटीत पाडली. तेव्हापासून ह्या तसंच करत आल्या.

मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या “प्रामाणिकपणा” या शब्दात ते बसलंही नसतं. पुस्तकात आम्ही तत्त्वांचं प्रकरण केलंच नाही. मापटं, दुष्काळ आणि ती भावकीतली बाई एवढंच दोन पानांत लिहिलं. घरातल्या शाळकरी नातवंडांनाही ते समजतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की यादी बाजूला ठेवा आणि घरातल्या वस्तू खाली काढा. तुमच्या भागात दोन वस्तू हमखास कामी येतात.

एक, भांडी. आपल्याकडे लग्नामुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची पद्धत आहे. काकूंच्या फळीवरचे, माळ्यावरच्या पेटीतले तांबे, डबे, पातेली, परात उजेडात आणा आणि त्यांच्यावरची अक्षरं वाचून दाखवा. “हे अमुक मामांकडून, सन १९६३. हे मामा कोण?” ह्या प्रश्नाला “सगळेच” असं उत्तर देता येत नाही. ज्याचं नाव आहे तो माणूस उभा राहतो, त्याचं घर उभं राहतं, तो लग्नाला आला होता की रुसून बसला होता हेही निघतं. शिवाय भांड्यावरची तारीख विश्वासाची असते. आजीची कागदावरची जन्मतारीख १ जून असेल, तर ती शाळेच्या मास्तरांनी घातलेली असण्याची शक्यता फार. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो की काय, असं वाटावं इतके दाखले मी पाहिलेत.

दोन, वाकळ. गोधडीला तुमच्याकडे वाकळच म्हणत असतील. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, पोरांच्या झबल्यांचे तुकडे एकावर एक घालून शिवलेली वाकळ घरात असली, तर ती दुपारच्या वेळी अंथरा, आजीला तिच्यावर बसवा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कशातलं? आवडता रंग कोणता, हे विचारून जे कळणार नाही ते इथे कळतं. लग्नातलं लुगडं कोणतं, ते कुणी घेतलं, ते नेसून ती कुठे कुठे गेली, ते कधी विरलं, आणि विरल्यावर सगळ्यात मधे का घातलं. माझ्या कामातली सगळ्यात भरघोस बोलणी वाकळेवर बसून झालेली आहेत.

वस्तूमुळे हे घडतं, कारण त्या पिढीची आठवण हाताच्या कामाला धरून असते. ह्याचा मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून पुणे जिल्ह्यातल्या मुळशी भागातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे काम राज्यभर पसरलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. एरवी गप्प बसणाऱ्या बायकांनी दळताना काय काय बोलून ठेवलंय ते त्यात दिसतं. आई, भाऊ, सासू, पंढरी, मुलगी सासरी गेल्याचं दुःख, सगळं. तुमच्या आजीचं लग्न साठच्या सुमाराला झालं असेल, तर तिनं सासरी जात्यावर दळलेलं असण्याचा संभव पुष्कळ आहे. परड्यात, गोठ्यात जात्याची तळी पडलेली असेल तर तिथे खुर्ची न्या. “ओवी म्हण” असं म्हणू नका. खुंट्याला हात लावून नुसतं विचारा, “एकटीच दळायचीस की जोडीला कुणी असायचं?” जोडीदारीण आठवली की ओवी पाठोपाठ येते.

आता आवडीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे घरचे लोक अगदी ठाम चुकीचं सांगतात. “आमच्या आईला खरवड आवडते”, “आजीला शिळी भाकरीच लागते”, हे मी कितीतरी घरांत ऐकलंय. तिनं ते आवडीनं खाल्लं, की सगळ्यांचं झाल्यावर तेवढंच उरायचं म्हणून खाल्लं, हे विचारल्याशिवाय लिहू नका. आणि विचाराल तेव्हा आडून विचारा. “माहेरी असताना काय केलं की तू दोन घास जास्त जेवायचीस?” माहेर हा शब्द यायला हवा, कारण तिथे तिला वाढणारं कुणीतरी होतं. एका बाईंनी ह्या प्रश्नावर कितीतरी वेळ विचार करून सांगितलं, “चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेलं कांद्याचं मुटकं, नि त्यावर माझी आय तेल सोडायची.” त्यांच्या सुनेनं लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं सासूला कांदा भाजून दिला. तुमच्या पुस्तकाचा असाही उपयोग व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या यादीतले बाकीचे प्रश्नही असेच फिरवून घ्या. आवडता सण विचारण्यापेक्षा “पंचमीला मुऱ्हाळी कोण यायचं?” असं विचारा. मुऱ्हाळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा. भाऊ यायचा की वडील, चालत की बैलगाडीनं, एखाद्या वर्षी कुणीच आलं नाही असं झालं का, त्या वर्षी तिनं काय केलं. झोपाळा कुठल्या झाडाला बांधायचे, पंचमीच्या फेराला कोण कोण असायच्या. आवडती मैत्रीण विचारू नका, “पाण्याला कुणाबरोबर जायचीस?” विचारा. आजोबांबद्दल “तुमचं जमायचं का?” हा प्रश्न तर नकोच. त्याऐवजी मनीऑर्डरीबद्दल विचारा.

मनीऑर्डरीचं मुद्दाम सांगते. सातारा जिल्ह्यातल्या हजारो घरांचा कर्ता पुरुष लालबाग-परळच्या गिरणीत, एकेका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीनं झोपणारी, खानावळीत जेवणारी. इकडे शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि लेकरं सांभाळणारी बाई. दोघांच्या मधे पोस्टमन. मनीऑर्डरीच्या कागदाच्या तळाशी चार ओळी लिहायला जागा असायची. आजीला वाचता येत नसेल, तर त्या चार ओळी दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलेल्या आहेत. कुणी? सासऱ्यानं, दिरानं, शाळेतल्या पोरानं की खुद्द पोस्टमननं? सगळ्यांच्या देखत वाचल्या जाणाऱ्या ओळीत नवरा बायकोला काय लिहिणार? आणि उत्तर लिहून घेताना तिनं काय सांगितलं, काय गिळलं? “मनीऑर्डर आली की कोण वाचायचं?” हा एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. आजोबांचं आणि तिचं नातं तुम्हाला त्यातून कळेल, आणि तिला संकोचही वाटणार नाही. एखादं आंतरदेशीय पत्र ट्रंकेत उरलंय का तेही पाहा. असलं तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, घड्यांवर शाई लवकर उडते.

गिरणीचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. त्या संपानं तुमच्या घरातही खूप काही बदललं असेल. आजोबा त्यात गावी परत आले असतील, तर हा विषय पहिल्या दिवशी काढू नका. तो काढल्यावर बोलणं लांबतं आणि जड होतं. तिनं स्वतःहून काढला तर मात्र थांबवू नका.

सालाचं काय करायचं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहायला बसलात की अडाल. तिला साल विचारू नका. ती “थोरला रांगत होता तेव्हा” असं सांगेल, ते तसंच लिहून घ्या आणि नंतर खुंट्या लावा, म्हणजे तारीख ठाऊक असलेल्या मोठ्या घटनांशी ते जोडा. आणे जाऊन नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६०. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे. कराडच्या परिसरातल्या माणसाला तो विसरणं शक्य नाही, थंडीत अंगणात झोपलेल्या रात्री तिला नक्की आठवतील. ७२चा दुष्काळ, तेव्हा खायला मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून घाबरलेले जुलै १९७९चे दिवस. गणपती दूध प्यायला तो २१ सप्टेंबर १९९५. ह्यांतली एकेक गोष्ट काढायची आणि विचारायचं, “तेव्हा पोटाशी कोण होतं?” बायकांची कालगणना बाळंतपणांवर चालते. ह्या एका प्रश्नानं माझी सालं बहुतेक वेळा बरोबर लागलेली आहेत. तिच्या सांगण्यात आणि कागदात फरक पडला, तर तिला दुरुस्त करू नका. तिची गोष्ट तिच्या तोंडून जशी आली तशी राहू द्या, तळटीपेत साल घाला.

बाळंतपणं विचारताना एक तयारी मनाशी हवी. त्या पिढीतल्या पुष्कळ बायकांनी एखादं तरी मूल गमावलेलं असतं, आणि घरातल्या नव्या पिढीला ते माहीत नसतं. ती सांगायला लागली, तर पुढचा प्रश्न डोक्यात घोळवू नका. मुलाचं नाव ठेवलेलं होतं का, एवढंच हळू विचारा. बारसं झालेलं असेल तर ती नाव सांगते. ते नाव पुस्तकात घालायचं की नाही, हे ठरवणारी फक्त ती.

म्हातारी माणसं तेच तेच सांगतात म्हणून घरचे वैतागतात. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९६३मध्ये मांडलं की उतारवयात मागचं आठवत बसणं हे म्हातारचळाचं लक्षण नाही. माणूस त्यातून स्वतःच्या आयुष्याचा हिशेब लावत असतो. मला हे रोजच्या कामात पटलेलं आहे. जी गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगते, तिच्यात अजून काहीतरी उलगडायचं राहिलेलं असतं. तीच गोष्ट तिसऱ्यांदा ऐकताना “तेव्हा तू कुठे उभी होतीस?” असं विचारून पाहा. गोष्टीला नवी बाजू फुटते. आणखी एक सर्वमान्य निरीक्षण असं की म्हातारपणी माणसाला वयाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतलं सगळ्यात लख्ख आठवतं. तुमच्या आजीच्या बाबतीत ह्या काळात माहेर, लग्न आणि सासरची पहिली वर्षं येतात. म्हणून सुरुवात माहेरापासून करा. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. सासरबद्दल बोलताना शेजारी काकू असतात, दारात चुलतदीर असतात. माहेराबद्दल ती कुणाला न भिता बोलू शकते.

आता तत्त्वांकडे येते, कारण तुमचा जीव त्यात जास्त आहे असं प्रश्नावरून दिसलं. आजीचे नियम तुम्हाला आधीच पाठ असतील, फक्त ते तत्त्व आहेत असं तुम्हाला वाटलेलं नसेल. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. निघताना “जाते” म्हणायचं नाही, “येते” म्हणायचं. जेवणाच्या वेळेला आलेल्या माणसाला ताट विचारल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. गाईसाठी पहिली भाकरी. मजुरी दिवस मावळायच्या आत चुकती करायची. असे नियम घराघरांत थोडेफार सारखे असतात, म्हणून नुसती यादी छापून हाती काही लागत नाही. प्रत्येक नियमामागे तीन गोष्टी शोधा: कुणी शिकवला, तो पाळताना कधी जड गेला, आणि कधी मोडावा लागला का.

ह्यांतला तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. “कुणाला उपाशी पाठवायचं नाही” असं म्हणणाऱ्या बाईला कधीतरी पाठवावं लागलेलं असतं, आणि तो दिवस तिला तारखेसह नाही तरी उन्हासकट आठवत असतो. एका आजींनी सांगितलं होतं की दारात आलेल्या वाटसरूला त्यांनी “घरात सोयर आहे” असं खोटं सांगून परत पाठवलं, कारण टोपल्यात एकच भाकरी होती आणि शेतातून पोरगं यायचं होतं. पुढे परिस्थिती सुधारल्यावर त्या रोज एक भाकरी जास्त थापत आल्या. ती जास्तीची भाकरी घरात सगळ्यांनी पाहिली होती, तिचं कारण कुणाला माहीत नव्हतं. नियम मोडल्याचं ती तुम्हाला सांगेल की नाही, हे तुमच्यावरच्या विश्वासावर आहे. पहिल्या भेटीत विचारू नका. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत, तीही दोघंच असताना.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. आजीला ऐकायला कमी येत असेल, तर तिच्या समोर बसा, बोलताना तिला तुमचे ओठ दिसू द्या. फोनवरचं बोलणं आखडतं होण्याचं ते एक साधं कारण असू शकतं. विस्मरणाचा आजार सुरू झाला असेल, तर “आठवतं का?” हा शब्दप्रयोग पूर्ण टाळा. त्यानं ती भांबावते, कधी रडवेली होते. तिच्या हातात वस्तू द्या, एखादी आरती लावा आणि जे येईल ते घ्या, क्रम लावायच्या मागे लागू नका. घरात जमिनीचा वाद चालू असेल, तर कुणाला काय दिलं, कोण कसं वागलं हे विषय ह्या पुस्तकात आणू नका. उद्या तेच पान कुणीतरी कागद म्हणून पुढे करेल आणि आजी मधे सापडेल. आणि तिला खरोखरच बोलायचं नसेल, तर तो तिचा अधिकार आहे. मग काकूंना, आत्यांना तिच्याबद्दल विचारून लिहा. तेही चांगलं पुस्तक होतं.

दिवाळीचे चार दिवस ह्या कामाला वाईट. घर भरलेलं, फराळ, ओवाळणं, पोरांचा दंगा, आजीचं लक्ष प्रत्येकाच्या ताटाकडे. त्या चार दिवसांत फक्त भांड्यांची नावं वाचा, जुने फोटो काढून मागे माणसांची नावं लिहून घ्या आणि तिला एवढंच सांगा, “तुळशीचं लग्न झालं की मी आठ दिवस येतो, तुझ्याकडून सगळं ऐकून घ्यायला.” तेवढ्यानं तिचं मन आपोआप कामाला लागतं. तुम्ही परत याल तेव्हा तिनं चार गोष्टी आठवून ठेवलेल्या असतील. सुट्टी मिळणं सोपं नाही, हे मला कळतं. आठ दिवस नाही जमले तर शनिवार-रविवार जोडून दोनदा जा, पण गर्दीत करू नका.

बैठक सकाळची न्याहारी झाल्यावर किंवा दुपारची झोप झाल्यावर घ्या, तासाभरापेक्षा जास्त नको. तिच्या हाताला काम असू द्या. शेंगा फोडणं, वाती वळणं, लसूण सोलणं, काहीही. हात चालू असले की तोंड मोकळं होतं आणि तुमच्याकडे बघत बसायचा ताण राहत नाही. तुम्हीही शेंगा फोडायला बसा. मधे बोलणाऱ्या नातेवाइकांना, विशेषतः “अगं तसं नव्हतं ते” म्हणणाऱ्यांना, प्रेमानं दुसऱ्या खोलीत पाठवा. मात्र एका माणसाला मुद्दाम बोलवा. माहेरची बहीण, चुलतबहीण किंवा लहानपणची मैत्रीण हयात असेल, तर तिला गाडी करून घेऊन या आणि दोघींना एकत्र बसवून तुम्ही बाजूला व्हा. दोन म्हाताऱ्या एकमेकींना जे विचारतात ते मला किंवा तुम्हाला सुचणार नाही. ह्या एका दिवसासाठी खर्च झाला तरी करा.

ध्वनिमुद्रणाला तुमचा फोन पुरे. तिला विचारून, दाखवून सुरू करा, लपवून कधीच नको. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर आधी उतरलेला. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण बसलंय ते बोला. “हे घेऊ नको” म्हणाली की लगेच बंद करा आणि बंद केल्याचं दाखवा. रोज रात्री ते दोन वेगवेगळ्या जागी उतरवून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या आवाजाचा दर्जा कमी होऊ शकतो, मूळ फाइल वेगळी जपा.

उतरवून घेण्याचं काम मोठं आहे, ते आधीच सांगते. तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात. बोललेलं आपोआप टाइप करणारी साधनं वापरून पाहा, पण कराडकडची बोली त्यांना नीट कळत नाही, आणि मुख्य म्हणजे ती “व्हतं”चं “होतं” करून टाकतात. तुम्ही ते करू नका. तिची वाक्यं तिच्याच बोलीत ठेवा. “मिलूची भाकरी घशाखाली उतरायची न्हाय, पर पोरास्नी काय सांगू” ह्या वाक्याचं प्रमाण मराठी केलं की दुष्काळ उरतो, आजी जाते. मधला सांधणारा मजकूर तुमच्या भाषेत लिहा, तिचं बोलणं अवतरणात. पानाला तिच्या नावानं सुविचार नकोत. एकेका वस्तूवर, माणसावर, नियमावर दोन-दोन पानं, एवढाच आराखडा ठेवा. शंभर पानांचा हट्टही नको, चाळीस पानांचं पुस्तक घरात खरोखर वाचलं जातं.

एवढं सगळं एकदम मनात ठेवणं अवघड आहे, म्हणून पहिल्या बैठकीपुरतं सांगते. वाकळ अंथरा, शेंगा घ्या, फोन टॉवेलवर ठेवा आणि लग्नातल्या लुगड्याच्या तुकड्यापासून सुरुवात करा. त्या दिवशी दुसरा प्रश्न विचारायची वेळ आली नाही तरी चालेल.

छापायला देण्याआधी सगळा मजकूर तिला वाचून दाखवा. तिला वाचता येत असेल तर मोठ्या अक्षरांत छापलेली प्रत हातात द्या आणि चार दिवस तिच्याजवळ राहू द्या. ती काही ठिकाणी हसेल, काही ठिकाणी नावं दुरुस्त करेल आणि एक-दोन ठिकाणी “हे काढ” म्हणेल. तुम्हाला तो भाग सगळ्यात सुंदर वाटत असण्याची शक्यता आहे, कारण बहुतेक वेळा तसंच होतं. तरीही काढा, आणि का काढायचं ते विचारू नका.